भुशाचं उद्घाटन

मेट्रनबाईंनी शिवणखोलीच्या टेबलावरून एक बोट फिरवलं, ते आधी स्वतःच्या डोळ्यांसमोर धरलं आणि मग सुताराच्या बायकोच्या. बोटाच्या शेंड्यावर पिवळसर भुशाची टोपी बसली होती.

"हे काय?"

"सागवान," बायको म्हणाली. सुताराच्या घरात बावीस वर्षं काढली की धुळीची जात नुसत्या रंगावरून कळते. "पांढुरकं असतं ना, ते देवदार. ते परवाचं. पुसलं मी."

"मी लाकूड विचारलं नाही. मी डॉक्टरांचे कोट शिवायला देणार आहे. पांढरे. साठ कोट. त्यातले दोन शल्यविशारदांचे. रुग्णाच्या उघड्या पोटात तुमचं सागवान पडलं, तर त्याला काय फर्निचर म्हणायचं?"

मेट्रनबाईंनी बोट रुमालाला पुसलं, रुमालाची घडी घातली आणि घडीसारखंच नेमकं बोलल्या. "शनिवारी अकराला येईन. खोलीत धूळ नसली, तर कोट इथे शिवा. असली, तर मशीन उचलायचं आणि आमच्या इस्पितळाच्या शिवणखोलीत येऊन बसायचं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. वर्षभर."

इस्पितळ गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं.

भिंतीपलीकडे कारखान्यात सुतार रंध्यावर हात ठेवून हे सगळं ऐकत उभा होता. ऐकू येण्याचं कारण म्हणजे भिंतीतली खिडकी. कारखाना आणि शिवणखोली यांच्यामध्ये हातभर लांब, वीतभर उंच अशी ती खिडकी होती. तिला ना दार, ना जाळी. घर बांधणाऱ्याने ती का ठेवली हे त्याचं त्यालाच ठाऊक. पण तिच्यातून दोन गोष्टींची बावीस वर्षं ये-जा चालली होती. इकडून तिकडे भुसा जायचा, तिकडून इकडे शिवणयंत्राचा आवाज यायचा.

त्या आवाजावर सुताराचे हात चालायचे. तिने लांब शिवण धरली की त्याची करवत लांब जायची. ती दोरा ओवायला थांबली की तो घाम पुसायचा. आणि मशीनचा पायटा लयीला लागला, की ती स्वतःशीच गुणगुणायची:

सुई गं पुढे जाई, दोरा मागं मागं येई,
भिंतीच्या पल्याड, करवत साद देई.

हे गाणं आपल्यासाठी आहे का नुसतं तोंडाला चाळा म्हणून आहे, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. एकदा ती आठ दिवस बहिणीकडे गेली होती. त्या आठवड्यात त्याने एक स्टूल केलं आणि त्याचे चारही पाय चार उंचीचे झाले. ते स्टूल अजून कोपऱ्यात एका पायाखाली वीट घेऊन उभं होतं. म्हणजे मशीन गावाच्या त्या टोकाला गेलं, की आपलं सुतारकाम संपलं, हे सुताराला हिशेब न मांडता कळलं.

"अरे, चार विटा लाव आणि बुजवून टाक ती खिडकी," मेट्रनबाईंची पाठ वळताच आई म्हणाली. ती मधल्या खोलीत खाटेवर बसून सगळ्या घराचा कारभार ऐकत असे. "अर्ध्या दिवसाचं काम!"

"हवा खेळती राहते आई, त्या खिडकीने."

"हवा कुठली? भुसा खेळतोय! परवा माझ्या कवळीत निघाला."

"अहो, आई बरोबर म्हणतायत," बायकोही म्हणाली. "बुजवा ना. तुमचं काय अडलंय त्या खिडकीशी?"

आता यावर काय सांगणार? बावीस वर्षं संसार केलेल्या माणसाला असली गोष्ट तोंडाने सांगता येत नाही. सांगितली तर बायको कपाळाला हात लावून ताप बघते.

"मी भुसा ओढून घ्यायची सोय करतो," सुतार म्हणाला. "पाइप टाकतो. भुसा उडायच्या आत गायब. बघच तू."

सोय तशी साधी होती. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीतून त्याने पूर्वी एक मोठा पंखा आणून ठेवला होता. लोखंडी गोगलगाईसारखा गरगरीत, दोन तोंडांचा. एका तोंडाने हवा ओढायची, दुसऱ्याने फेकायची. ओढत्या तोंडाला पाइप, वाटेत भुसा पडायला एक पिंप, आणि फेकतं तोंड घराबाहेर. कारखान्यात यंत्रं तीन: गोल करवत, रंध्याचं मशीन आणि घासायचं मशीन. भिंतीने एक मोठा पाइप न्यायचा आणि त्याला तीन फांद्या फोडायच्या. वळणं काटकोनात नकोत, नदीसारखी सावकाश हवीत, म्हणजे हवा अडखळत नाही. प्रत्येक फांदीला एक सरकती लाकडी झडप. ज्या यंत्रावर काम, तेवढीच उघडायची.

सुताराने खडूने जमिनीवर हे सगळं काढलं. काढून झाल्यावर थोडा मागे सरकून पाहिलं, तर खडूचं एक छोटं झाड उभं राहिलेलं. त्याला फार बरं वाटलं. दोन दिवसांचं काम. आज सोमवार. बुधवारी संध्याकाळी आपण हात धुऊन मोकळे.

तेवढ्यात बायकोने, अगदी चांगल्या मनाने, आपल्या थोरल्या भावाला फोन केला.

या भावाला सगळे नळदादा म्हणत. पाणीखात्यात एकतीस वर्षं काढून ते मागच्या वर्षी निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून त्यांच्या हाताला पाइप लागला नव्हता. घरातले सगळे नळ त्यांनी तीन-तीनदा बदलले होते. शेवटी त्यांच्या बायकोने पाना कुलपात ठेवला होता. "पाइप टाकायचाय" हे दोन शब्द ऐकल्यावर ते वीस मिनिटांत दारात हजर झाले. खांद्याला पिशवी, कानावर पेन्सिल आणि हातात उतार बघायची बुडबुड्याची नळी.

"जावईबापू, पाइप कोण टाकतंय?"

"मीच."

"तुम्ही?" नळदादांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू जावई स्वतःचा दात स्वतः काढायला बसलाय. मग त्यांनी खडूच्या झाडाभोवती एक चक्कर मारली. "उतार कुठाय?"

"दादा, ही हवा आहे. हवेला उतार लागत नाही."

"नवीन होतो तेव्हा मी पाण्याबद्दल हेच म्हणायचो." नळदादांनी बूट काढले आणि खडूच्या खोडावर उकिडवे बसले. "आणि हे काय? तीनच तोंडं?"

"यंत्रं तीनच आहेत."

"घरात खोल्या किती?"

"खोल्यांचा काय संबंध?"

"आमच्या खात्यात एक तत्त्व होतं. खोली तिथे कनेक्शन. आज म्हणाल नको, उद्या म्हणाल हवं. मग काय, भिंती फोडत बसणार? अगं, तुझ्या शिवणखोलीत एक देतोय. दोऱ्यांची लव-बिव पडते ना?"

"पडते तर," बायको म्हणाली. "पण दादा, नको उगाच…"

"एक शिवणखोलीत!" नळदादांनी खडू उचलला.

"मला पण द्या हो एक," आतून आईचा आवाज आला. "खाटेखाली. चाळीस वर्षं वाकून झाडतेय. नुसतं बटण दाबलं की खाटेखालचं गडप झालं पाहिजे."

"मावशी, तुम्हाला पहिला मान!"

मग स्वयंपाकघरात एक, कारण तिथे पीठ सांडतं. बोळात एक, कारण चपलांची माती. माळ्यावर एक, कारण माळा. न्हाणीघरात एक.

"न्हाणीघरात भुसा कुठून येणार, दादा?" सुताराने रडकुंडीला येऊन विचारलं.

"पुढेमागे आला तर?"

याचं उत्तर ऐकायला नळदादा थांबले नव्हते. ते स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून खडूची रेघ ओढत निघाले होते. मंगळवारी सकाळी सुताराचं छोटं झाड उंबरा ओलांडून घरभर पसरलं होतं. एक फांदी चुलीला वळसा घालून गेली होती, एक आईच्या खाटेखाली शिरली होती. तोंडं झाली नऊ. घरातली माणसं रेघांवर पाय पडू नये म्हणून लंगडीसारखी उड्या मारत फिरत होती.

आणि आता कामाला खरी सुरुवात झाली. नऊ तोंडांना नऊ झडपा लागणार होत्या. पाइप भिंतीला धरून ठेवायला लाकडी कंस लागणार होते, एकंदर अठ्ठेचाळीस. उतार बरोबर यावा म्हणून प्रत्येक कंस आधीच्यापेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, बुटका. हे सगळं कापायचं कुणी? सुताराने. कुठे? कारखान्यात. मंगळवार, बुधवार आणि गुरुवार करवत एकसारखी किंचाळत राहिली आणि धूळ घालवायच्या कामापायी घरात वर्षभरात झाली नसेल एवढी धूळ झाली. ती खिडकीतून धुरासारखी आत यायची. भांड्यांवर, आरशावर, आईच्या पापण्यांवर अलगद बसायची. ऊन आत आलं की खोलीत सोनं उधळल्यासारखं दिसायचं. दिसायला फार सुंदर, फक्त श्वास घ्यायचा नाही.

बायकोला नमुन्याचे दोन कोट शनिवारपर्यंत तयार करायचे होते. बुधवारी तिने मशीनसकट स्वतःला मच्छरदाणीत कोंडून घेतलं. छताच्या कडीला दोरी, चारी बाजूंनी पदर खाली, आत ती, पायटा आणि पांढरं कापड.

"अहो," मच्छरदाणीतून आवाज आला.

सुताराने खिडकीत तोंड घातलं. भुवया पिवळ्या, मिशी पिवळी.

"नक्की जमेल ना हे?"

"जमेल गं."

"नाही, म्हणजे… मला तिकडे जायचं नाहीये. आठ ते सहा. तिथे चाळीस मशीनं एकदम चालतात म्हणे. आपण काय गुणगुणतोय ते आपल्यालाच ऐकू येत नाही."

सुताराने मिशीवरून हात फिरवला. तो म्हणाला, "जमेल म्हटलं ना," आणि उरलेले एकोणीस कंस कापायला वळला.

एव्हाना योजना त्याची राहिली नव्हती. नळदादा शिडीवर आणि तो शिडीखाली, अशी कामाची वाटणी झाली होती. "जावईबापू, कंस." "जावईबापू, स्क्रू." "जावईबापू, हा नव्हे, याच्या आधीचा." मधेच एकदा त्याने धीर करून विचारलं, "दादा, नऊ तोंडं असली तर ओढ पुरेल का?"

"दाब म्हणा, दाब. नऊच्या नऊ ठिकाणी समान दाब नाही आला, तर नाव बदलेन." नळदादांनी शिडीवरूनच छातीवर हात ठेवला. "एकतीस वर्षांत खात्याने मला हे करू दिलं नाही. शेवटच्या घराला कायम करंगळीएवढी धार. लोक मला रस्त्यात शिव्या द्यायचे. या घरात तसं होणार नाही."

त्यांचे डोळे भरून आले होते. भरल्या डोळ्यांच्या, शिडीवर उभ्या असलेल्या माणसाशी वाद घालायला सुताराचं मन धजावलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा पाइप बसला. सगळं घर आतून एखाद्या मोठ्या जनावराच्या पोटासारखं दिसत होतं.

"चला, एकदा चालवून बघू," सुतार म्हणाला.

नळदादा दचकले. "उद्घाटनाआधी?"

"उद्घाटन कसलं दादा? तपासून बघायला नको?"

"जावईबापू, तुम्हाला अनुभव नाही. आमच्याकडे एका नव्या माणसाने अशीच आदल्या दिवशी चावी उघडून बघितली. टाकी झाली रिकामी. दुसऱ्या दिवशी पाहुणे नळासमोर उभे, बँड वाजतोय, फोटोवाला बसलाय, आणि नळातून एक झुरळ बाहेर आलं. बस्स. त्या माणसाची बदली झाली, ती अशा गावी, जिथे नळच नाहीत. पाहुण्यांच्या हाताशिवाय चावी फिरणार नाही."

"पण दादा…"

"पंख्याकडची जोडणी मी बघतो. सकाळी उठून करतो. एकतीस वर्षं पंपच जोडलेत. तुम्ही शिवणखोलीतलं तेवढं शेवटचं वळण बसवा."

शनिवारी सकाळी सुतार शिवणखोलीत शिडीवर उभा राहून ते वळण बसवत होता. दोन्ही हात डोक्याच्या वर, दातांत पाच स्क्रू. खिडकीतून त्याला दिसलं, की नळदादा कारखाना झाडताहेत. कोपरा न् कोपरा. सगळा भुसा गोळा करून पिंपात भरताहेत. भरताहेत म्हणजे, चक्क पाय देऊन दाबताहेत.

मेहुणा आपल्यासाठी केर काढतोय, या विचाराने सुताराला अवघडल्यासारखं झालं. "हादा, हुम्ही हशाला…" तो स्क्रूंच्या मधून म्हणाला.

"टाकी भरलेली असली की दाब चांगला मिळतो," नळदादा तिकडून म्हणाले.

"हं," सुतार म्हणाला. दातांत पाच स्क्रू असताना माणूस दुसरं काही म्हणू शकत नाही. आणि तोंड मोकळं झालं, तेव्हा दारावर टकटक झाली होती.

अकराला एक मिनिटही कमी नव्हतं. मेट्रनबाई आत आल्या. शिवणखोली लखलखत होती. बायकोने पहाटेपासून पुसून पुसून टेबलाचा रंग उजळवला होता. मच्छरदाणी काढली होती. भिंतीशी दोन पांढरे कोट टांगले होते, बगळ्यांच्या जोडीसारखे. मेट्रनबाईंनी टेबलावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. बोट कोरं होतं.

सुताराचा जीव भांड्यात पडला. आता पंखा चालला काय आणि न चालला काय! त्याने नळदादांकडे पाहून डोळ्यांनी "राहू द्या" असं सांगितलं. पण नळदादा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. बटणाची तार त्यांनी मुद्दाम शिवणखोलीपर्यंत ओढून आणली होती आणि बटणाला शिवणाच्या डब्यातली निळी फीत बांधली होती.

"बाई, आजची स्वच्छता पुसून केलेली आहे," ते म्हणाले. "ती टिकणार किती? यापुढे ती यंत्रणा राखणार आहे. नऊही झडपा उघड्या ठेवल्यात. आपल्या शुभहस्ते बटण दाबावं, अशी विनंती करतो."

"हे कशासाठी?"

"पद्धत आहे."

मेट्रनबाईंना शिस्त आवडायची, आणि पद्धत म्हणजे शिस्तच. त्यांनी फीत सोडली, नीट गुंडाळून बायकोच्या हातात दिली आणि बटण दाबलं.

कारखान्यातून आधी एक घुमणारा आवाज उठला. तो पाइपांतून पुढे सरकला, घरभर फिरला. मग डोक्यावरच्या नव्या वळणातून रंध्याचा एक पातळ, गोल छिलका बाहेर आला आणि तरंगत तरंगत मेट्रनबाईंच्या खांद्यावर उतरला.

"हे आत जायला हवं ना?" मेट्रनबाईंनी विचारलं.

त्या क्षणी सुताराला सगळं लख्ख कळलं. पाणीखात्याचा माणूस. पंप टाकीतून ओढतो आणि नळांना फेकतो. ओढतं तोंड पिंपाला. फेकतं तोंड घराला. आणि पिंप पायाने दाबून भरलेलं!

"बंद करा!" तो ओरडला, पण तोंड उघडलं तेवढ्यात ते भरलं.

चार महिन्यांचा भुसा नऊ वाटांनी घरात आला. सागवानाचा, देवदाराचा, बाभळीचा, अठ्ठेचाळीस कंसांचा. शिवणखोलीत पिवळं अंधारून आलं. स्वयंपाकघरातल्या ताटल्या खणखणल्या. न्हाणीघरातून कधी नव्हे तो भुसा आला, एकदाचा. खाटेखालच्या तोंडातून वाऱ्याचा असा झोत उठला, की आईच्या खाटेवरची चादर डेऱ्यासारखी फुगली.

"अगं बाई! मी उडतेय का?" आतून आई ओरडली. "कुणीतरी पाय धरा माझे!"

मेट्रनबाईंचं बोट अजून बटणावर होतं, पण बटण दिसत नव्हतं. त्यांनी ते दाबलं, पंखा थांबला. घाबरून पुन्हा दाबलं, पंखा दुप्पट जोमाने सुरू झाला. सुतार भिंत चाचपत आला, त्याच्या हाताला बटणाऐवजी मेट्रनबाईंचं नाक लागलं. शेवटी कुणी काही केलं नाही. पिंपच रिकामं झालं. मग पंखा नुसता सुस्कारे टाकत राहिला आणि बायकोने चाचपडत त्याची तार उपटली.

धूळ खाली बसायला पाच मिनिटं लागली. एकेक माणूस धुक्यातून यावा तसा उगवला. सगळी एकाच रंगाची. भिंतीवरचे दोन बगळे आता चिमण्या झाले होते. बायकोच्या हातात निळ्या फितीची गुंडाळी तशीच होती. तिने सुताराकडे पाहिलं. रागाने नव्हे. राग परवडला असता. तिने मशीनवरून हात फिरवला, मशीनच्या लाकडी झाकणाची कडी शोधली आणि ते झाकण मशीनवर हळूच ठेवून दिलं, प्रवासाला निघाल्यासारखं.

"हे," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला. चष्म्याच्या जागी दोन स्वच्छ गोल राहिले होते आणि त्या गोलांतून त्या रोखून बघत होत्या. "हे किती खोल्यांत आलं?"

"सगळ्या," नळदादा पुटपुटले. त्यांची मान खाली होती.

"सगळ्या खोल्यांत एवढंच?"

"एवढंच येणार बाई. समान दाब आहे." मान जराशी वर आली.

मेट्रनबाईंनी टेबलावरची कापड मोजायची पट्टी उचलली आणि त्या चालू लागल्या. मागे नळदादा, त्यांच्यामागे सुतार आणि बायको. स्वयंपाकघरात ओट्यावर पट्टी उभी धरली. दोन सूत. न्हाणीघरात बालदीच्या काठावर. दोन सूत. माळ्यावर, बोळात, दोन सूत. मधल्या खोलीत आई खाटेच्या दोन्ही कडा घट्ट धरून बसली होती. मेट्रनबाईंनी तिच्या डोक्यावर पट्टी धरली.

"दोन सूत," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "सगळ्यात लांबच्या खोलीतसुद्धा!"

"शेवटच्या घराला करंगळीएवढी धार नाही," नळदादा म्हणाले, आणि त्यांच्या गालांवरच्या भुशातून दोन ओहोळ वाहिले.

"आमच्या इस्पितळात खालच्या मजल्यावर वाऱ्याने कागद उडतात आणि वरच्या वॉर्डात झुळूक नाही. तीन इंजिनिअर येऊन गेले. एकालाही जमलं नाही." मेट्रनबाईंनी नळदादांचा दंड पकडला. "तुमची पिशवी घ्या. आत्ता."

"बाई, थांबा." बायको दारात आडवी उभी राहिली. "दादाला न्यायचं असेल तर खुशाल न्या. कितीही दिवस ठेवून घ्या. पण मग कोट मी इथेच शिवीन."

"या खोलीत? या धुळीत?"

"तुम्ही दादाला नेलंत ना, की यातली बरीचशी धूळ त्याच्याबरोबर जाईल. मंगळवारी या. दिवसभर पांढरा कोट टांगून ठेवते. संध्याकाळी पांढरा दिसला नाही, तर मी स्वतः मशीन डोक्यावर घेऊन तुमच्याकडे येते."

मेट्रनबाईंनी तिच्याकडे पाहिलं, नळदादांकडे पाहिलं, आणि भावाला देऊन कोट ठेवून घेणाऱ्या या बाईचा त्यांना मनातून आदर वाटला असावा. "मंगळवार," त्या म्हणाल्या, आणि नळदादांना घेऊन गेल्या.

जोडणी उलटी फिरवायला सुताराला दहा मिनिटं लागली. नऊपैकी सहा तोंडांवर त्याने फळ्या ठोकल्या. आईचं तोंड बंद करताना आई म्हणाली, "राहू दे रे, छान वाटलं मला." घर पुसायला मात्र दोन दिवस गेले. मंगळवारी सकाळपासून त्याने टाकाऊ फळ्यांवर तीनही यंत्रं चालवली. भुसा उडायच्या आत गडप व्हायचा, त्याने सोमवारी सांगितलं होतं अगदी तसाच. संध्याकाळी मेट्रनबाईंनी दारातला कोट काढला, उजेडाला धरला, झटकला आणि पुन्हा टांगला.

"शिवा," त्या म्हणाल्या.

झालं. बुधवारी सकाळी सुताराने गाणं म्हणावं अशा आनंदात पंखा सुरू केला, करवत सुरू केली आणि कपाटाच्या खणाच्या चार बाजू कापायला घेतल्या. एक कापली. दुसरी कापली. एकावर एक ठेवून पाहिल्या, तर बोटभर फरक. तिसरी तिरकी गेली. चौथी कुठे निघाली होती, ते त्यालाच कळेना. हात जागच्या जागी अडखळत होते, जणू कुणी रस्त्यात मधेच हात सोडून दिला होता. त्याने खिडकीकडे पाहिलं. खिडकी होती. आवाज नव्हता. पंख्याच्या घरघरीत आवाज बुडून गेला होता. ज्या आवाजासाठी हा सगळा उपद्व्याप मांडला, तो ऐकू येण्याची सोय आपण स्वतःच्या हाताने बंद केली!

त्याने करवत बंद केली. पंखा बंद केला. मान वाकडी करून ऐकत उभा राहिला.

पलीकडे शांत. शुकशुकाट.

"अगं?" शेवटी त्याने खिडकीत तोंड घातलं. "थांबलीस का?"

ती मशीनवर हात ठेवून, मान वाकडी करून, खिडकीकडेच कान लावून बसली होती. "तुमचाच कानोसा घेतेय. त्या पंख्यात तुमची करवत ऐकू येत नाही काही. आणि मग एकदम सगळंच गप्प. म्हटलं, बोटबीट कापून घेतलं का काय. तुम्ही का थांबलात?"

"मी… तुझं मशीन ऐकायला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. कपाळाला हात लावायला उठली नाही. नुसतं हातातल्या कोटाचं बटण उगाच घट्ट करत म्हणाली, "मग करा की सुरू."

"तू कर ना आधी."

"मी कशाला? तुम्ही आधी थांबलात."

"पण मी तुझ्यासाठी थांबलो."

"आणि मी काय शेजारणीसाठी थांबले?"

"अरे, साठ कोट आणि एक कपाट व्हायचंय!" मधल्या खोलीतून आई कडाडली. "मी मोजते. तीन म्हटलं की दोघांनी एकदम सुरू करायचं. कळलं? एक… दोन…"

सुताराने हातकरवत उचलली. पलीकडे तिने पायट्यावर पाय ठेवला.

"तीन!"

आणि दोघंही श्वास रोखून, आधी दुसऱ्याचं ऐकू यावं म्हणून, गप्प बसून राहिली.